पावती केव्हा द्यावी?

महोत्सवाच्या स्मरणिकेत काही विद्वत्तापूर्ण लिहावे अशी आमची योग्यता नाही. तथापि हिशेब समितीत बसणाऱ्यांनी हिशेबावर चार शब्द लिहिले तर ते अस्थानी ठरू नयेत. न्यासाच्या साहाय्यनिधीचे दप्तर यापुढे संगणकावर, आणि तेही लामता व नागपूर अशा दोन ठिकाणी ठेवावे, असा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. दोन ठिकाणी दप्तर असले की ते दुप्पट सुरक्षित झाले, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत आहे. आमचीही होती. ती कशी मोडली, आणि मोठमोठ्या बँका, रेल्वे व शेअरबाजार या प्रश्नाची सोडवणूक कशी करतात, हे मत देण्यापूर्वी सभासदांनी व त्यांच्या घरच्या मंडळींनी समजून घ्यावे, एवढ्याचसाठी हा पाठ.

एका पावसाळ्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हाही निधीच्या वह्या दोनच होत्या. एक लामत्यास आमच्याकडे, दुसरी नागपूरच्या सहचिटणीसांकडे. रोज संध्याकाळी दूरध्वनीवरून एकमेकांना त्या दिवसाच्या नोंदी सांगावयाच्या व आपापल्या वहीत उतरवून घ्यावयाच्या, असा परिपाठ होता. त्या श्रावणात निधीची शिल्लक ९,००० रुपये होती व दोन्ही वह्यांत तोच आकडा होता. मग पावसाने तीन दिवस दूरध्वनी बंद पडला.

त्या तीन दिवसांत आम्ही लामत्याच्या एका मुलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी ७,००० रुपये मंजूर केले व तसे पत्र तिच्या हाती दिले. त्याच दिवशी नागपुरात एका सभासदाच्या शस्त्रक्रियेसाठी ६,००० रुपये मंजूर झाले व तेही पत्र गेले. दोन्ही वह्यांतील बेरीज बरोबर. दोन्हीकडील माणसे प्रामाणिक. नियमाबाहेर कोणीही गेले नव्हते. तरी दोन पत्रांची मिळून रक्कम १३,००० झाली आणि पेटीत ९,००० होते.

आधीचे पत्र कोणते, यावर आम्ही बराच काथ्याकूट केला. आमच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते, त्यांच्या घड्याळात अकरा वाजावयाचे होते. आणि दोहोंपैकी कोणते घड्याळ खरे, हे सांगणारे तिसरे घड्याळ नव्हते. शेवटी रुग्णालयाचे पैसे आधी भरले, कारण तेथे थांबणे शक्य नव्हते. उरलेली रक्कम सभासदांकडून गोळा होईपर्यंत प्रवेशाची मुदत टळली. मुलीचे एक वर्ष गेले. ते सांगावयास आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा तिच्या आईने आरडाओरड केली नाही. तिने एवढेच विचारले, “भाऊ, पत्र तर तुम्हीच दिलं होतं ना?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पत्र म्हणा, पावती म्हणा, किंवा हातातल्या फोनवर उमटणारी ‘व्यवहार यशस्वी’ ही ओळ म्हणा, हा संस्थेने दिलेला शब्द असतो. तो केव्हा द्यावयाचा, हा या सगळ्या विद्येचा मूळ प्रश्न होय.

नक्कल कशासाठी?

आपण बाजारात भाजी घेऊन फोनने पैसे देतो तेव्हा त्याची नोंद बँकेच्या डेटा सेंटरमध्ये होते. डेटा सेंटर म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांचे कोठार. अशा कोठाराला आग लागू शकते, वीज जाऊ शकते, पाणी शिरू शकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा दिवस पुन्हा उगवणार नाही असे कोणी छातीठोकपणे सांगावे? म्हणून दप्तराची नक्कल दुसऱ्या शहरातील कोठारात ठेवतात. मूळ वहीतील प्रत्येक नोंद दुसऱ्या वहीत सतत उतरत जाणे, यास रेप्लिकेशन म्हणतात. आमचा संध्याकाळचा दूरध्वनी हे रेप्लिकेशनच होते. फक्त ते दिवसातून एकदा होई.

पावतीच्या दोन रीती

नक्कल दोन रीतींनी होते.

पहिली रीत अशी: मूळ वहीत नोंद करावी, ती दुसऱ्या ठिकाणी पाठवावी, ‘उतरवून घेतली’ अशी तिकडून पोच यावी, आणि मगच गिऱ्हाइकाच्या हाती पावती द्यावी. हिला सिंक्रोनस रीत म्हणतात. या रीतीत पावती दिलेली नोंद दोन्हीकडे हटकून असते. मूळ कोठार जळाले तरी दिलेला शब्द बुडत नाही.

दुसरी रीत अशी: मूळ वहीत नोंद होताच पावती देऊन टाकावी, आणि नक्कल मागाहून सवडीने पोहोचू द्यावी. ही असिंक्रोनस रीत. हिच्यात काम झटपट होते, गिऱ्हाईक खोळंबत नाही. परंतु पावती दिल्यानंतर व नक्कल पोहोचण्यापूर्वी मूळ कोठार बंद पडले, तर ती नोंद दुसरीकडे नसते. पावती गिऱ्हाइकाच्या हाती आहे आणि वहीत ओळ नाही, असा प्रसंग येतो.

मग सर्वत्र पहिलीच रीत का वापरीत नाहीत? त्याचे उत्तर अंतरात आहे.

अंतराची किंमत

काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. वेग प्रचंड खरा, पण त्यालाही मर्यादा आहे. मुंबई व चेन्नई यांमधील अंतर सरळ रेषेत हजार किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. म्हणजे एक निरोप जावयास सेकंदाचा दोनशेवा भाग, आणि पोच घेऊन परत यावयास शंभरावा भाग. तारेचा मार्ग सरळ नसल्याने प्रत्यक्षात याहून अधिकच. सेकंदाचा शंभरावा भाग आपणांस काहीच वाटत नाही. परंतु एकाच खात्यावरील नोंदी एकीमागून एक करावयाच्या असतील, आणि प्रत्येकीने चेन्नईची पोच येईपर्यंत थांबावयाचे असेल, तर सेकंदाला शंभरांहून अधिक नोंदी होऊच शकत नाहीत. उलट दहा किलोमीटरांवरील कोठाराची पोच सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात येते.

यावर मोठ्या संस्थांनी काढलेला तोडगा असा की, एक नक्कल जवळ ठेवावी व एक दूर. जवळच्या नकलेची पोच घेतल्यावाचून पावती द्यावयाची नाही. दूरची नक्कल मात्र थोडी मागे राहिली तरी चालवून घ्यावयाचे. जवळची नक्कल एखादे यंत्र वा इमारत बंद पडल्यास उपयोगी, दूरची नक्कल सारे शहरच संकटात सापडल्यास.

आपल्या न्यासाला सेकंदाला शंभर नोंदी कधीच करावयाच्या नाहीत. लामता ते नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर. आपल्याला दोन्हीकडची पोच घेऊन काम करणे वेळेच्या दृष्टीने मुळीच जड नाही. आपली अडचण वेगळी आहे. आपली तार तुटते.

तार तुटली म्हणजे

आपल्या स्थानकावरून बालाघाट व नैनपूरकडे छोटी गाडी एकेरी रुळावरून जात असे, ते दिवस ज्येष्ठ मंडळींना आठवत असतील. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून रेल्वेने अनेक मार्गांवर टोकनाची पद्धत ठेवली होती. लगतच्या दोन स्थानकांत तारेने जोडलेली दोन यंत्रे असत. पुढच्या स्थानकाने संमती दिल्यावाचून इकडच्या यंत्रातून गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असेतो दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नसे. ज्या ड्रायव्हरच्या हाती गोळा, त्याचीच गाडी त्या तुकड्यात जावयाची.

आता तार तुटली असे समजा. स्टेशनमास्तरापुढे दोन वाटा उरतात. पलीकडची गाडी निघाली नसेल असे गृहीत धरून आपली गाडी सोडावी, किंवा खात्री होईपर्यंत उतारूंचा रोष पत्करून गाडी उभी ठेवावी. रेल्वेने यातली दुसरी वाट धरली. तार तुटली की नेहमीचे काम थांबते आणि विशेष लेखी अधिकारपत्र, ठरलेली चौकशी व मोठी सावधगिरी यांवाचून गाडी हलत नाही. उशीर चालेल, टक्कर चालणार नाही, हे स्टेशनमास्तराने त्या घटकेला ठरवावयाचे नसते. नियमपुस्तकात ते आधीच ठरलेले असते.

हीच गोष्ट अमेरिकेतील एरिक ब्रूअर यांनी २००० साली संगणकांच्या जाळ्यांविषयी मांडली, आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ साली ती गणिताने सिद्ध केली. तिचे सार असे: दोन ठिकाणांमधील संपर्क तुटला असताना दोन्हीकडच्या वह्या तंतोतंत जुळत्याही राहाव्यात आणि दोन्हीकडे काम चालूही राहावे, हे दोन्ही साधणे अशक्य आहे. एक सोडावेच लागते. काय सोडावयाचे हे आधी ठरवले नाही, तर प्रसंगच ते ठरवतो. आमच्या श्रावणात तसेच झाले. आम्ही न ठरवता गाड्या दोन्ही बाजूंनी सोडल्या होत्या.

मुंबईतील एक दिवस

हे फक्त खेड्यापाड्यांतच घडते असे कोणी समजू नये. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराला, म्हणजे एन.एस.ई.ला, आपले सर्व व्यवहार थांबवावे लागले. या संस्थेचे मुख्य डेटा सेंटर वांद्रे-कुर्ला संकुलात, एक नक्कल जवळच, व दूरची नक्कल चेन्नईस, अशी वर सांगितलेली उत्तम व्यवस्था होती. जवळच्या नकलेकडे जाणाऱ्या तारा दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या. त्या दिवशी त्या तारांतच बिघाड झाला. रस्त्यालगतच्या खोदकामाचे व बांधकामाचे कारण संस्थेने पुढे दिले.

येथवर फारसे बिघडावयास नको होते, कारण मुख्य वही शाबूत होती. परंतु तारा अस्थिर होताच नोंदी साठविणारी मुख्य केंद्रातील यंत्रणाच अनपेक्षितपणे प्रतिसाद देईनाशी झाली. व्यवहारांतील जोखीम मोजणारी व्यवस्था तिच्यावर अवलंबून होती, तीही बंद पडली. सौदे जुळविणारे यंत्र चालू होते, पण जोखीम मोजल्यावाचून सौदे होऊ देणे म्हणजे गोळ्यावाचून गाडी सोडणे. म्हणून बाजार थांबला. दुपारी पावणेचारला तो पुन्हा उघडला आणि त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालला.

यातून घ्यावयाचा धडा असा: नक्कल ठेवल्याने मूळ वहीवर एक नवे ओझे येते. पोच न आल्यास मूळ वहीने काय करावयाचे, किती वेळ थांबावयाचे, केव्हा एकटीने पुढे जावयाचे, याचा प्रत्यक्ष सराव केलेला नसेल, तर रक्षणासाठी ठेवलेली नक्कलच मुळाला थांबवते.

पुढे मार्च २०२१ मध्ये सेबीने अशा संस्थांसाठी कडक नियम केले. बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत ती आपत्ती आहे किंवा कसे हे जाहीर करावयाचे. जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत दुसऱ्या केंद्रावरून काम सुरू करावयाचे. आणि नोंदींची हानी फार तर १५ मिनिटांची होऊ द्यावयाची. किती वेळ बंद राहणे सोसेल, आणि किती नोंदी गमावणे सोसेल, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. कोणत्याही संस्थेने त्यांची उत्तरे आकड्यांत लिहून ठेवावीत.

त्रेचाळीस सेकंद

दुसरे उदाहरण सातासमुद्रांपलीकडचे. जगभरचे संगणक-कारागीर आपले काम जेथे जपून ठेवतात त्या गिटहब या संस्थेत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी एक नादुरुस्त उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. फक्त त्रेचाळीस सेकंद. परंतु तेवढ्यात तेथील स्वयंचलित पंचांनी, मुख्य केंद्र गेले असे समजून, पश्चिम किनाऱ्यावरील नकलेलाच मुख्य वही ठरविले. संपर्क परत आला तेव्हा पूर्वेच्या वहीत अशा काही ओळी होत्या ज्या पश्चिमेस पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेच्या वहीत नव्या ओळी भराभर पडू लागल्या होत्या. एका मोठ्या विभागात अशा न पोहोचलेल्या नोंदी ९५४ होत्या. दोन्ही वह्या खऱ्या, आणि दोन्ही अपुऱ्या. आमच्या दोन पत्रांचीच ही कथा.

त्या मंडळींनी कोणाचीही नोंद न गमावण्याचे ठरवले व त्यासाठी काम मंद ठेवणे पत्करले. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. त्रेचाळीस सेकंदांच्या फाटाफुटीचे व्याज एवढे होते.

पंचांचे बहुमत

यावर उपाय काय? आपल्या पूर्वजांना तो माहीत होता: पंच.

पाच पंच आहेत व तीन जणांच्या संमतीने निर्णय होतो, असे धरा. आज तिघांनी एक निर्णय दिला. उद्या दुसरेच तिघे बसले. पाचांतून कोणतेही तीन आणि पुन्हा कोणतेही तीन निवडा. दोन्हींत निदान एक माणूस समान असतोच. तो सामाईक पंच म्हणतो, “थांबा, काल आपण हे ठरवले आहे.” एवढ्या एका गोष्टीवर बहुमताची सगळी ताकद उभी आहे. तीन केंद्रे असतील तर दोघांची पोच मिळाल्यावर पावती द्यावी; आणि वही वाचतानाही दोघांना विचारून ज्याची नोंद अलीकडची ते ग्राह्य धरावे. मग एक केंद्र बंद पडले तरी काम चालते, आणि एकाकी पडलेले केंद्र, दोन मते न मिळाल्यामुळे, आपला वेगळा संसार थाटू शकत नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ही रीत मांडताना पॅक्सोस या ग्रीक बेटावरील एका काल्पनिक विधिसभेची गोष्ट रचली. तेथील सभासद मधूनच येत, मधूनच जात, आणि प्रत्येकाजवळ आपापली वही असे. तो लेख १९९८ साली प्रसिद्ध झाला. २०१४ साली ऑन्गारो व ऑस्टरहाउट यांनी राफ्ट नावाची अधिक सुबोध रीत दिली. गिटहबच्या प्रकरणाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे उणीव कोठे होती ते ध्यानात येते. मुख्य वही कोणती, हे ठरविण्यासाठी तेथे बहुमत घेतले होते; परंतु प्रत्येक नोंद दूरच्या किनाऱ्याची पोच घेऊन होत नव्हती. अध्यक्ष रीतसर निवडला, पण त्याच्या वहीत शेवटची पाने नव्हती.

आता एक साधे गणित सभासदांनी करून पाहावे. केंद्रे दोनच असतील तर बहुमत म्हणजे दोन्ही. म्हणजे कोणतेही एक बंद पडले की काम थांबले. दोन वह्यांनी नोंद बुडण्याची भीती कमी होते, पण तार तुटल्यावर खरे कोण, याचा निवाडा दोघांत होत नाही. निवाड्याला तिसरा लागतो.

एका वहीचा एक मालक

तिसरा नसेल तर दुसराही एक जुना मार्ग आहे. रेल्वेची आरक्षणे पूर्वी मोठमोठ्या खतावण्यांत होत. दूरच्या स्थानकाला दर वेळी मुख्य कचेरीला विचारणे शक्य नसे, म्हणून प्रत्येक स्थानकाला काही आसनांचा कोटा आधीच वाटून दिलेला असे. तेवढी आसने त्याने कोणासही न विचारता द्यावीत, त्यापलीकडे एकही नाही. तार तुटली तरी एकच आसन दोघांना जाण्याची भीती नाही.

पुढे संगणक आले. १९९९ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच आरक्षण केंद्रे एकमेकांना जोडली गेली. तेव्हाही सर्व गाड्यांची वही पाचही ठिकाणी लिहिण्याजोगी ठेवली नाही. ज्या गाडीचे दप्तर ज्या केंद्राकडे, तिच्या आसनाचा निर्णय त्याच केंद्राने करावयाचा. इतरांनी तेथे निरोप पाठवून उत्तर घ्यावयाचे. लिहिणारा हात एकच असला की दोन वह्यांचे भांडण उद्भवतच नाही.

तसेच, सगळ्याच नोंदींना एवढी शिस्त लावण्याचेही कारण नाही. अमेझॉन या संस्थेने २००७ साली आपल्या डायनॅमो या व्यवस्थेविषयी लिहिले, तेव्हा खरेदीच्या टोपलीचे उदाहरण दिले. टोपलीत वस्तू घालण्यास नकार कधीच द्यावयाचा नाही. दोन टोपल्या झाल्या तर मागाहून एकत्र कराव्यात. आपल्या सभासदांचे पत्ते, वधूवरांची सूची, महोत्सवाच्या निमंत्रणांची यादी, ही अशी टोपलीच आहे. दोन दिवस जुळले नाही तरी कोणाचे बुडत नाही. पैशांच्या वहीला मात्र हा न्याय लावता येत नाही.

पोच न येणे म्हणजे नकार नव्हे

आणखी एक बारकावा. आपण नोंद पाठवली आणि पोच आली नाही. नोंद पोहोचलीच नाही, की पोहोचली पण पोच वाटेत हरवली? पाठविणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नसतो. घाईने पुन्हा पाठवावी तर रक्कम दोनदा पडते. फोनने पैसे देताना काटा फिरत राहिला की दुकानदार ‘आले नाहीत’ म्हणतो, आपण ‘गेले’ म्हणतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा अडकलेल्या रकमा ठरावीक दिवसांत परत करण्याचा व उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम घातला, तो याच अवस्थेसाठी.

यावरचा उपाय घरगुती आहे. प्रत्येक नोंदीला पाठविण्यापूर्वीच क्रमांक द्यावा, आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक ठेवावा. घेणाऱ्याने तो क्रमांक आधी उतरवलेला असेल तर दुसऱ्यांदा लिहू नये, नुसती पोच द्यावी. मग दहा वेळा पाठवले तरी नोंद एकदाच होते.

आपल्यापुढील प्रश्न

एवढ्या विवेचनानंतर प्रस्तावाकडे वळू. दोन ठिकाणी दप्तर ठेवावे, या मताचे आम्हीही आहोत. परंतु प्रस्तावात पुढील गोष्टी नसतील तर त्यास संमती देऊ नये, अशी आमची सभासदांस विनंती आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक निधीच्या वहीचा मालक एकच असावा. शिक्षणनिधीचा निर्णय लामत्यास, औषधोपचारनिधीचा नागपुरास. दुसऱ्या ठिकाणी त्याची नक्कल असावी, पण लिहिण्याचा अधिकार नसावा.

दुसरी गोष्ट, संपर्क तुटला असता अडलेल्या माणसाला रिक्त हाताने पाठवू नये म्हणून, प्रत्येक निधीतून एक लहान रक्कम दुसऱ्या ठिकाणी आधीच वेगळी काढून ठेवावी. तो त्यांचा कोटा. तो संपला की संपर्क येईपर्यंत पत्र द्यावयाचे नाही.

तिसरी गोष्ट, मंजुरीचे पत्र दुसऱ्या ठिकाणची पोच आल्यावरच हाती द्यावे. कोट्यातील रकमेस एवढा अपवाद असावा. प्रत्येक पत्रास क्रमांक असावा.

चौथी गोष्ट, पुढेमागे दोन्हीकडून सर्व निधींचे काम चालवावे अशी इच्छा झाली, तर बालाघाटसारख्या ठिकाणी तिसरी वही ठेवल्यावाचून ते करू नये.

पाचवी गोष्ट, वर्षातून एकदा, सर्व काही सुरळीत चालू असताना, मुद्दाम संपर्क तोडून या नियमांचा सराव करावा. जो नियम फक्त कागदावर असतो तो पावसाळ्यात आठवत नाही.

यांतील तिसऱ्या नियमामुळे एखाद्या अडलेल्या माणसाला आमच्या दारात दोन दिवस थांबावे लागेल, हे आम्ही लपवीत नाही. तो रागावेल, आणि त्याचा राग रास्त असेल. पण ‘पत्र उद्या मिळेल’ हे ऐकून रागावलेल्या माणसाला आम्ही तोंड देऊ शकतो. पत्र हाती घेऊन परत आलेल्या आईच्या प्रश्नाला तोंड देणे पुन्हा आमच्या नशिबी येऊ नये. सभासदांनी याचा विचार करून मत द्यावे.